बायबलमधला 'तिसरा दिवस' कसा मोजायचा?

सोमवारी कुणी "आठ दिवसांनी या" म्हणालं, तर आपण पुढच्या सोमवारी जातो. वजाबाकी केली तर दिवस सातच भरतात, पण आपण दोन्ही टोकांचे सोमवार धरतो. बाराव्या दिवसाचं बारसंही जन्माचा दिवस धरूनच मोजलं जातं. बायबलमधले दिवस मोजताना हीच सवय वापरा.

येशूचा मृत्यू शुक्रवारी दुपारचा आणि पुनरुत्थान रविवारी पहाटेचं. मधे पुरते दोन दिवसही जात नाहीत. यहुदी मोजणीत मात्र दिवसाचा तुकडाही एक दिवस धरतात: उरलेला शुक्रवार एक, शनिवार दोन, सुरू झालेला रविवार तीन. म्हणूनच येशूने पुन्हा उठण्याबद्दल केलेल्या एकाच भाकिताला शुभवर्तमानकार मत्तय (16:21, म्हणजे अध्याय 16, वचन 21) 'तिसऱ्या दिवशी' म्हणतो आणि मार्क (8:31) 'तीन दिवसांनंतर'. मत्तय 27:63-64 मध्ये तर मुख्य याजक आणि परूशी (यहुदी धर्मपुढारी) एका दमात 'तीन दिवसांनंतर' म्हणतात आणि येशूच्या कबरेवर पहारा मागतात तो 'तिसऱ्या दिवसापर्यंत'. 'तीन दिवस व तीन रात्री' (मत्तय 12:40) या शब्दांवर अडलात, तर जुन्या करारातलं (बायबलच्या पहिल्या भागातलं) एस्तेरचं पुस्तक काढा. 4:16 मध्ये राणी एस्तेर तीन दिवस, रात्रंदिवस उपास करायला सांगते आणि 5:1 मध्ये तिसऱ्याच दिवशी राजापुढे उभी राहते. 72 तास भरवण्यासाठी येशूच्या मृत्यूचा वार शुक्रवारच्या मागे ढकलण्याची गरज नाही.

दिवस कुठे सुरू होतो, हेही आधी पाहा. यहुदी दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. मार्क 1:32 मध्ये सूर्य मावळल्यावरच लोक आजाऱ्यांना घेऊन येतात, कारण तेव्हा शब्बाथ, म्हणजे काम न करण्याचा विसाव्याचा दिवस, संपलेला असतो. हे सुटलं की ते वाक्य नुसतं वेळेचं वर्णन वाटतं.

तास सूर्योदयापासून मोजतात: तिसरा म्हणजे सकाळी नऊच्या सुमारास, सहावा मध्यान्ह, नववा दुपारी तीन, अकरावा संध्याकाळी पाच. काही मराठी भाषांतरांत मूळ तास ठेवलेला असतो, काहींत आपल्या घड्याळाची वेळ असते. दोन प्रती शेजारी ठेवून वाचताना हे तपासा. उजेडाचे बारा भाग केल्यामुळे जेरुसलेममधला तास हिवाळ्यात 50 मिनिटांचा, तर उन्हाळ्यात 70 मिनिटांचा होई. मिनिटांची अचूकता त्यातून काढू नका. 'रात्रीचा चौथा प्रहर' (मत्तय 14:25) म्हणजे पहाटे तीन ते सहा.

मोठ्या आकड्यांशी जास्त जपून वागा. प्रकटीकरण 11:2-3 मध्ये 42 महिने आणि 1260 दिवस येतात. 30 दिवसांचा महिना धरला की दोन्ही एकच, साडेतीन वर्षं. दानीएल 7:25 मधला 'एक काळ, दोन काळ व अर्धा काळ' तोच. आधी हा धागा जोडा, पंचांग नंतर. अमेरिकेत विल्यम मिलरने दानीएल 8:14 मधल्या 2300 दिवसांची वर्षं केली आणि ख्रिस्त परत येण्याचा हिशेब मांडला. त्याच्या अनुयायांनी 22 ऑक्टोबर 1844 ही तारीख धरली, आणि ती नुसतीच उलटून गेली. एका दिवसाला एक वर्ष हे प्रमाण गणना 14:34 आणि यहेज्केल 4:6 मध्ये स्पष्ट सांगितलेलं आहे. दानीएल 8 मध्ये तसं वाक्य नाही. 2 पेत्र 3:8 मधली 'हजार वर्षांसारखा एक दिवस' ही तर उपमा आहे. 'सारखा' हा शब्द तिथेच दिसतो. तिचं गुणाकाराचं सूत्र करू नका.

अलंकार ओळखताना तीच प्रतिमा जुन्या करारात शोधा. 'सूर्य काळवंडेल, चंद्र प्रकाश देणार नाही' हे मत्तय 24:29 मध्ये वाचण्याआधी यशया 13:10 वाचा. तिथे विषय बाबेलच्या (बॅबिलोनच्या) पाडावाचा आहे. राज्य कोसळण्याची ती संदेष्ट्यांची भाषा आहे. शिष्य होणाऱ्याने आईबापांचा 'द्वेष' करावा, हे येशूचं वाक्य (लूक 14:26) कळायला मत्तय 10:37 शेजारी ठेवा: माझ्यापेक्षा त्यांच्यावर अधिक प्रीती करू नका, एवढाच अर्थ.

अतिशयोक्ती मात्र बोथट करू नका. श्रीमंताने देवाच्या राज्यात जाण्यापेक्षा उंटाने सुईच्या नाकातून जाणं सोपं, असं येशू म्हणतो (मत्तय 19:24). त्यासाठी जेरुसलेमच्या 'सुईचं नाक' नावाच्या एका लहान दरवाजाची गोष्ट प्रवचनांत ऐकू येते, पण पहिल्या शतकात तसा दरवाजा असल्याचा पुरावा नाही. उंट गुडघे टेकून आत गेला, तर दोनच वचनं पुढे येशू म्हणतो ते 'माणसांना हे अशक्य आहे' निरर्थक ठरतं.