‘बाजूला घे’ म्हणाल, पण बाजूच नाही: हार्ड शोल्डर नसलेल्या मोटरवेवर या चुका टाळा

गाडीत कसलासा वास आला, डॅशबोर्डवर लाल दिवा लागला किंवा टायर बसल्यासारखा वाटला, की आपल्या तोंडून पहिले शब्द निघतात ते ‘बाजूला घे’. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर वर्षानुवर्षं मुरलेली ही सवय. इंग्लंडमध्ये मात्र शेकडो किलोमीटर मोटरवे असे आहेत की तिथे घ्यायला बाजूच नाही. डावीकडची कडेची पट्टी, म्हणजे हार्ड शोल्डर, कायमची चालती लेन करून टाकली आहे. सगळ्यात डावीकडच्या लेनमध्ये तुम्ही थांबलात, तर मागून ताशी ७० मैलांनी, म्हणजे ११२ किलोमीटरने, येणाऱ्या गाडीच्या वाटेत तुम्ही उभे असता.

हा प्रश्न आपला वाटावा असं कारण आहे. हीथ्रोवर उतरून भाड्याच्या गाडीने स्लाव किंवा रेडिंगला निघालेला मराठी माणूस काही मिनिटांतच अशा रस्त्याला लागतो: एम ४ चा जंक्शन ३ ते १२ हा पट्टा. नव्याने राहायला आलेल्यांना भारतीय लायसन्सवर १२ महिने गाडी चालवता येते. म्हणजे इथली लेखी परीक्षा न देता, डोक्यावरच्या पाट्यांचा अर्थ न शिकता आपण थेट मोटरवेवर उतरतो.

थोडी पार्श्वभूमी. अशा रस्त्यांना इथे ‘स्मार्ट’ मोटरवे म्हणतात. २००६ साली बर्मिंगहॅमजवळ एम ४२ वर गर्दीच्या वेळेपुरता हार्ड शोल्डर वापरायचा प्रयोग झाला. २०१४ पासून एम २५ च्या काही भागांत तो कायमचाच लेन झाला आणि मग एम १, एम ३, एम ६, एम ६२ वरही हा प्रकार आला. रस्ता रुंद न करता एक लेन जास्त मिळते, हा सगळा हिशेब. २०२० मध्ये सरकारने फेरआढावा घेतला, जानेवारी २०२२ मध्ये नवी कामं थांबवली आणि एप्रिल २०२३ मध्ये पुढचे बेत रद्दच केले. मात्र जे बांधून झालं ते राहिलं.

हे रस्ते जास्त धोकादायक आहेत का, यावर इथे अजून वाद चालतो. सरकारी बाजू एकूण मृत्यू आणि गंभीर जखमींचा हिशेब दाखवते: गाड्या एकसारख्या वेगाने चालतात, म्हणून चालत्या गाड्यांच्या धडका कमी, आणि हे रस्ते जुन्यांपेक्षा वाईट नाहीत. विरोधक एकाच गोष्टीवर बोट ठेवतात: गाडी बंद पडून चालत्या लेनमध्ये उभी राहिली, तर इथे धोका जास्त. मला दोघांचंही पटतं, आणि म्हणूनच सांगतो, धावत्या गाडीतल्या तुम्हाला हा रस्ता ठीकच आहे. खरा प्रश्न गाडी थांबते तेव्हाचा. पुढच्या बहुतेक चुका त्या थांबण्याच्या आधीच्या मिनिटातल्या आहेत.

‘दिसेल एक्झिट, तोवर रेटू’

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. दिवा लागला, इंजिन धडधडायला लागलं, तरी आपण त्याच उजव्या लेनमध्ये, त्याच वेगात राहतो आणि ‘बघू पुढे’ म्हणतो. साध्या मोटरवेवर हे खपून जातं, कारण केव्हाही बाजूला घेता येतं. इथे थांबायची जागा ठरावीक अंतरावरच मिळते. तिला इमर्जन्सी एरिया म्हणतात: डावीकडे रस्त्याबाहेर काढलेला खिसा, जमीन नारिंगी रंगवलेली आणि निळ्या पाटीवर फोनच्या चित्रासह ‘एसओएस’. सुरुवातीच्या रचनेत दोन खिशांमध्ये अडीच किलोमीटरपर्यंत अंतर चालत असे. नंतर ते कमी करायचं ठरलं आणि जुन्या पट्ट्यांवर दीडशेहून अधिक नवे खिसे मंजूर झाले. तरी प्रत्येक वळणानंतर एक मिळेल अशी आशा धरू नका.

हिशेब सोपा आहे. ताशी ६० मैलांना एक मैल म्हणजे एक मिनिट. इंजिन बंद पडलेली गाडी नुसत्या गतीवर एवढी जाईलच असं नाही. म्हणून शंका आली त्याच क्षणी डावीकडची लेन धरा, एसी आणि गाणी बंद करून आवाज ऐका आणि ब्रेक न दाबता वेग जपा. जवळचा खिसा किती दूर आहे ते निळ्या पाट्यांवर लिहिलेलं असतं. एक्झिट किंवा सर्व्हिसेस (पेट्रोल, खाणं, स्वच्छतागृहं असलेला थांबा) आधी येत असेल तर तेच बरं.

आमच्याकडे आलेल्या मावशी-काकांना घेऊन जाताना मागच्या टायरचा दिवा लागला होता. काका पुढे बसलेले. त्यांनी लगेच सवयीने सांगितलं, ‘अरे, बाजूला घे ना.’ बाजूला होती ती एक ट्रक आणि त्यामागे दुसरी ट्रक. पुढचा खिसा येईपर्यंतचा तो वेळ मला अजून आठवतो, आणि तेव्हा कोणीच बोललं नाही हेही.

‘लाल फुली? दुसऱ्या कोणासाठी असेल’

लेनच्या वरच्या पाटीवर लाल फुली दिसली की ती लेन बंद. पुढे कोणीतरी उभं आहे, किंवा रस्त्यावर काहीतरी पडलंय. आपल्याला रस्ता मोकळा दिसतो म्हणून माणसं त्याच लेनने पुढे जातात आणि वळणापलीकडे बंद पडलेल्या गाडीपाशी पोचतात. ताशी ७० मैलांना गाडी थांबायला ९६ मीटर लागतात, तेही रस्ता कोरडा आणि चालक सावध असेल तर. जून २०१९ पासून ही फुली न पाळणारे कॅमेऱ्यांतून पकडले जातात. साधारण शिक्षा १०० पौंड आणि लायसन्सवर ३ दंडगुण. दंडाची भीती नसली, तरी त्या फुलीपलीकडे कदाचित एखादं कुटुंब कठड्यामागे उभं असेल, एवढं लक्षात ठेवा.

लाल वर्तुळातला वेगाचा आकडाही सल्ला नाही, तो कायदा आहे. गर्दी दिसत नसताना ४० का दाखवतायत, असं वैतागून म्हणू नका. तो आकडा बहुतेकदा पुढच्या अडथळ्यासाठीच असतो.

पट्टीची रेघ न बघणं

सगळे ‘स्मार्ट’ मोटरवे एकसारखे नाहीत, आणि घोटाळा इथेच होतो. तीन प्रकार आहेत. काही ठिकाणी हार्ड शोल्डर तसाच आहे, फक्त वेगमर्यादा बदलते. काही ठिकाणी तो कायमची लेन झालाय. तिथे डावीकडच्या लेनची रेघ इतर लेनसारखीच तुटक असते. तिसरा प्रकार एम ४२ सारखा: हार्ड शोल्डर कधी लेन, कधी नाही. तिथे शोल्डरची पांढरी रेघ अखंड असते. वर वेगाचा आकडा लागला असेल तरच त्या पट्टीवर जायचं. पाटी कोरी असेल किंवा लाल फुली असेल तर नाही.

कोरी पाटी म्हणजे मोकळीक, असा आपला समज होतो. बाकीच्या लेनवर कोऱ्या पाटीचा अर्थ ७० मैलांची नेहमीची मर्यादा. या पट्टीवर मात्र प्रवेश बंद. आणि उलट चूक म्हणजे, पट्टी उघडी असताना तिथे शोल्डर समजून उभं राहणं.

त्रिकोण घेऊन मागे चालत जाणं

भारतात गाडी बंद पडली की आपण काय करतो? लाल त्रिकोण, नाहीतर दगड आणि झाडाची फांदी, मागे ठेवून येतो. यूकेच्या मोटरवेवर त्रिकोण ठेवायचाच नाही, असं हायवे कोड, म्हणजे इथलं वाहतुकीच्या नियमांचं अधिकृत पुस्तक, स्पष्ट सांगतं. ठेवायला जाणाराच मारला जातो. टायर बदलायचा, बॉनेट उघडून डोकावायचं, हेही नाही. खिशात थांबला असलात तरी टायर स्वतः बदलू नका.

गाडीतून उतरताना डावीकडच्या दाराने उतरा. आपल्यासारखंच इथेही चालकाचं दार उजवीकडे, म्हणजे गाड्यांच्या बाजूला. चालकाने सीटवरून सरकून डावीकडे यायचं. जिन्याखालच्या खोलीसारखी अडचण होते, होऊ द्या. सगळ्यांनी कठड्यामागे जायचं, आणि तेही गाडीच्या मागच्या बाजूला थोडं लांब, येणाऱ्या गाड्या दिसतील अशा जागी. गाडी धडकून पुढे ढकलली गेली तर तुम्ही तिच्या वाटेत नसावं, म्हणून. घरचा कुत्रा असेल तर तो गाडीतच राहतो.

आणि चालत्या लेनमध्ये अडकलात तर? हॅझर्ड लाइट लावा, अंधार असेल तर दिवेही. डावीकडून सुरक्षित उतरता येत असेल तर उतरा आणि ९९९ ला, म्हणजे इथल्या आणीबाणीच्या नंबरला, फोन करा. उतरता येत नसेल, म्हणजे मधल्या किंवा दुभाजकाजवळच्या लेनमध्ये असाल, तर बेल्ट लावून आतच बसा आणि तातडीने ९९९ ला फोन करा. नव्या गाड्यांत एसओएसचं बटण असतं, तेही चालतं. लेन बंद करायचं काम कंट्रोल रूमचं आहे. तुमच्या ब्रेकडाउन कंपनीला आधी फोन लावू नका, कारण लेन बंद होईपर्यंत त्यांचे लोक चालत्या लेनमध्ये येत नाहीत. गाडी थांबल्याचं हेरणारी रडार यंत्रणा बसवलीय खरी, पण रस्त्यांवर देखरेख करणाऱ्या नियामकाने २०२२ च्या अखेरीस ती अपेक्षेला उतरत नसल्याचं म्हटलं होतं. यंत्र बघून घेईल, म्हणून फोन टाळू नका.

‘थोडंसं घासलंय, उतरून बघू’

जून २०१९ मध्ये शेफील्डजवळ एम १ वर दोन गाड्यांना किरकोळ धडक बसली. दोघेही चालक तिथेच थांबले, एकमेकांची माहिती घ्यायला उतरले आणि मागून आलेल्या लॉरीखाली दोघेही गेले. पुढे कॉरोनरने, म्हणजे अशा मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने, नोंदवलं की अशा रस्त्यांमुळे भविष्यातही मृत्यूंचा धोका कायम आहे. रस्त्याचा दोष, लॉरीवाल्याचं दुर्लक्ष, सगळंच खरं. आपल्या हातातलं एवढंच: गाड्या चालत असतील तर लगेच बाहेर पडायच्या जागेपर्यंत न्या. पत्रा कुठे चेपलाय ते खिशात किंवा एक्झिटनंतर बघता येतं. समोरच्यालाही हाताने खूण करा, काचेतून ओरडत बसू नका.

पावसात हॅझर्ड लाइट

लोणावळ्याच्या धुक्यात आपण लावतो, ते इथे चालत नाहीत. धावत्या गाडीत हॅझर्ड लावायचे ते पुढे अडथळा आहे, एवढंच मागच्याला कळवण्यासाठी. पाऊसभर ते चालू ठेवले तर खरोखर थांबलेली गाडी आणि तुमची गाडी यांत मागच्याला फरकच कळत नाही.

पोराला शू आली म्हणून खिशात

इमर्जन्सी एरिया फोन घ्यायला, डबा उघडायला किंवा बाळाला फिरवायला नाही. हीथ्रोच्या जंक्शन ४ वरून पश्चिमेकडे निघालात, तर पहिली सर्व्हिसेस जंक्शन ११ ओलांडल्यावर, म्हणजे चाळीसेक किलोमीटरवर आहे. विमानतळावरच सगळ्यांना पाठवून घ्या. पेट्रोल किंवा चार्ज ‘पुरेल’ या भरवशावरही निघू नका. टायरची हवा थंड टायरला, पंपावर, मावशीच्या चार बॅगांसकट मोजलेली बरी.

खिशातून थेट सुसाट निघणं

गाडी नीट झाली, किंवा काहीच नव्हतं असं कळलं, की लोक आरशात बघतात आणि निघतात. खिसा जेमतेम शंभर मीटर लांब. तेवढ्यात ट्रकच्या वेगाला पोचणं कठीण. म्हणून तिथल्या नारिंगी फोनवरून कंट्रोल रूमला सांगायचं आणि ते म्हणतील तसं निघायचं. गरज पडली तर ते मागच्या पाटीवर फुली लावून लेन तात्पुरती बंद करतात. फोन फुकट आहे, आणि तुम्ही कुठून बोलताय ते त्यांना आपोआप कळतं.

मोबाइलवरून बोलत असाल तर कडेच्या निळ्या पाट्या बघा. दर ५०० मीटरवर असतात: वर मोटरवेचं नाव, मध्ये दिशेचं अक्षर, खाली आकडा. तो आकडा किलोमीटरमध्ये असतो. मैलांच्या या देशात हा एवढाच कोपरा आपल्या ओळखीचा. अक्षर सांगायला विसरू नका, नाहीतर मदत पलीकडच्या रस्त्यावर जाईल. मोटरवे सांभाळणाऱ्या नॅशनल हायवेज या सरकारी कंपनीचा नंबर ०३०० १२३ ५००० आत्ताच फोनमध्ये साठवा. तो तातडीची वेळ नसताना लागतो. जिवावर बेतलं तर ९९९.

काकांना त्या दिवशी कठड्यामागे उभं राहून थंडी वाजली, म्हणून ते तीनदा गाडीत बसायला निघाले. मावशीने तीनदा अडवलं. टायरमध्ये खिळा होता. रिकव्हरीवाल्याने गाडी थेट ट्रकवर चढवली. त्यामुळे परत रस्त्यावर निघायचा तो फोन मला करावाच लागला नाही.