यू-टू, सी-फाइव्ह आणि हरवलेला परिच्छेद: कामगार न्यायालयातल्या विधी अधिकाऱ्याची नोकरी

एलएल.बी. झाल्यावर तीन वर्षं जिल्हा न्यायालयात सिनिअरच्या मागे फाइली वाहिल्या. चौथ्या वर्षी एका शहर परिवहन उपक्रमात विधी अधिकारी म्हणून लागले. मुलाखतीत विचारलं होतं, "कामगार कायदा येतो का?" मी बेधडक हो म्हटलं. कॉलेजात एक पेपर होता, एवढाच त्या होकाराला आधार. रुजू झाले त्या दिवशी टेबलावर साठेक फाइली होत्या. निम्म्याहून जास्त कामगार न्यायालयाच्या, आणि त्यातल्या बहुतेक बडतर्फ कंडक्टर-ड्रायव्हरांच्या.

या नोकरीत येऊ पाहणारी मुलं-मुली हल्ली विचारतात, रोज कोर्टात उभं राहायला मिळतं का? मिळतं. पण आठवड्यातले दीड-दोन दिवस. बाकीचे दिवस आपल्याच ऑफिसात, आपल्याच माणसांकडून कागद काढून घेण्यात जातात. केस तिथेच ठरते, हे मला पटायला एक केस हरावी लागली. ती पुढे सांगते.

आधी कोर्ट. दिवाणी कोर्टाची सवय असलेला माणूस इथे पहिले काही दिवस गोंधळतो. तिकडे निशाणी एक, दोन, तीन असे कागद ओळीने चालतात. इथे कागदालाही पक्ष असतो. कामगाराकडून येणारा तो यू, म्हणजे युनियन. कामगार एकटाच आलेला असला, युनियनशी त्याचं जन्मात पटलेलं नसलं, तरी यूच. मालकाचा तो सी, कंपनीचा. आमचा उपक्रम कंपनी नव्हता, तरी आम्ही आयुष्यभर सी. कोर्टाचे आदेश ओ. पहिल्याच तारखेला विचारणा झाली, "मॅडम, यू-टूवर से कधी देताय?" से म्हणजे लेखी म्हणणं, एवढं कळलं; मी फाइलची पानं उलटत राहिले. शेजारच्या वकिलांनी हळूच सांगितलं, यू-टू म्हणजे अंतरिम दिलाशाचा अर्ज. यू-वन मूळ तक्रार, तिच्यासोबतच तो येतो.

समोर दरवेळी काळा कोट असेलच असंही नाही. युनियनचे प्रतिनिधी स्वतः केस चालवतात. माझ्यासमोर सगळ्यात जास्त वेळा उभे राहिलेले काका निवृत्त मेकॅनिक होते. कायद्याची पदवी नव्हती, पण उलटतपास असा घ्यायचे की आमचे तपासणीस साक्षीच्या आदल्या रात्री झोपायचे नाहीत. त्यांना कमी लेखू नका. मी लेखलं होतं.

आता रस्ते. महाराष्ट्रात नोकरीवरून काढलेल्या कामगाराला माझ्या काळात दोन दारं होती. एक १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याचं: समेट अधिकारी, मग रेफरन्स (म्हणजे सरकारने तो वाद कोर्टाकडे पाठवणं), किंवा २०१० च्या दुरुस्तीनंतर ४५ दिवस थांबून थेट कोर्टात. दुसरं १९७१ च्या राज्याच्या कायद्याचं, ज्याचं पूर्ण नाव कोणीच घेत नाही. सगळे यूएलपी म्हणतात, म्हणजे अनुचित कामगार प्रथा. त्याच्या चौथ्या परिशिष्टातली पहिली बाब म्हणजे बडतर्फी आणि कामावरून कमी करणं, ती कामगार न्यायालयाकडे. बाकीच्या अनुचित प्रथा औद्योगिक न्यायालयाकडे, उदाहरणार्थ वर्षानुवर्षं बदली कामगार किंवा हंगामी म्हणून ठेवून कायम न करणं. एक दार उघडलं की त्याच कारणासाठी दुसरं बंद. म्हणून फाईल हातात आली की पहिल्यांदा हेच बघायचं: समोरचा आधी दुसरीकडे जाऊन आलाय का?

दुसरं बघायचं ते तारीख. यूएलपीची तक्रार ९० दिवसांत करायची असते. विभागीय अपिलाच्या निकालाची वाट बघता बघता कामगाराचे ९० दिवस निघून जातात, मग उशीर माफीचा अर्ज येतो. नवे अधिकारी त्यावर त्वेषाने आठ पानी विरोध लिहितात. मीही लिहिले. पुरेसं कारण दाखवलं की कोर्ट उशीर सहसा माफ करतं, आणि तुमची दोन वर्षं त्या एका अर्जात गेलेली असतात. याच कायद्यात लिहिलंय की तक्रार शक्यतो सहा महिन्यांत निकाली काढावी. "शक्यतो" या शब्दाचं वजन मला पहिल्या वर्षीच कळलं.

पहिल्या बाबीची ए ते जी अशी सात उपकलमं आहेत, ती पाठच करा. तक्रारीत सातही लिहिलेली असतात, पण खरी लढाई दोन-तीनवर असते: चौकशीत नैसर्गिक न्याय धाब्यावर बसवला का (एफ), आणि गुन्हा किरकोळ असताना शिक्षा धक्कादायकरीत्या जास्त दिली का (जी). गैरहजेरीच्या केसमध्ये ई.

आता माझी हरलेली केस. कंडक्टरने पैसे घेऊन तिकीट दिलं नाही, असा आरोप. तपासणी पथकाचा अहवाल, वे-बिल (कंडक्टरचा तिकीट-हिशेबाचा कागद), जादा निघालेली रोकड, सगळं होतं. मी जुन्या फाइलमधली एक कैफियत, म्हणजे तक्रारीला मालकाचं लेखी उत्तर, समोर ठेवली, नावं-तारखा बदलल्या आणि सी-फाइव्ह म्हणून दाखल केली. अशा केसमध्ये कोर्ट आधी दोनच मुद्दे घेतं: चौकशी न्याय्य झाली का, आणि निष्कर्ष पुराव्याला धरून आहेत का. याला सगळे पार्ट-वन म्हणतात. आमच्या चौकशी अधिकाऱ्यांनी तपासणी अहवालाची प्रत त्या कंडक्टरला दिलीच नव्हती, आणि त्याच्या साक्षीदाराला उलटे प्रश्न स्वतःच विचारले होते. पार्ट-वन आमच्याविरुद्ध गेला.

तरी मी निर्धास्त होते. चौकशी रद्द झाली तरी मालकाला गैरवर्तन कोर्टात नव्याने सिद्ध करता येतं, हे वाचलेलं होतं. उभी राहिले आणि पुरावा देण्याची परवानगी मागितली. ते निवृत्त मेकॅनिक काका उठले. "साहेब, सी-फाइव्हमध्ये असं मागितलेलंच नाही." मी पानं चाळली. खरंच नव्हतं. कर्नाटकच्या परिवहन महामंडळाच्या लक्ष्मीदेवम्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २००१ मध्ये हेच पक्कं केलं होतं: चौकशी सदोष ठरली तर आम्हाला पुरावा द्यायचा आहे, ही मागणी मालकाने आपल्या पहिल्या कैफियतीतच करून ठेवायची. एका परिच्छेदाचं काम. जुन्या फाइलमध्ये तो होता. टायपिस्टला द्यायच्या प्रतीत मी ते पान उलटं लावलं होतं.

कंडक्टर परत कामावर आला. ऑफिसात मला कोणी काही बोललं नाही, ते जास्त लागलं. आस्थापना शाखेतल्या अण्णांनी फक्त विचारलं, "ती चौकशी डेपोत चालली होती, तेव्हा तुम्ही कुठे होता?"

तेव्हापासून मी डेपोत जायला लागले. चौकशी अधिकारी हे बहुतेक वाहतूक निरीक्षक, कायद्याशी त्यांचा संबंध नाही, आणि हे काम त्यांच्या बोकांडी बसलेलं असतं. त्यांना व्याख्यान देऊन उपयोग नाही. एक छापील कागद केला: आरोपासोबत कोणते कागद दिले त्याची सही घेतली का, मदतनीस हवा का विचारलं का, उलटतपासाची संधी दिली आणि ती नोंदवली का, जुन्या शिक्षांचा आधार घेणार असाल तर शिक्षेपूर्वीच्या दुसऱ्या कारणे दाखवा नोटिशीत तसं लिहिलं का. आणि प्रवाशांचे जबाब नाहीत म्हणून घाबरू नका. हरियाणाच्या रतनसिंग कंडक्टरच्या खटल्यात १९७७ मध्येच सर्वोच्च न्यायालय म्हणालं आहे की खातेनिहाय चौकशीला पुरावा कायद्याचे काटेकोर नियम लागत नाहीत, प्रवाशांचे जबाब नसले म्हणून निष्कर्ष कोसळत नाही. काहीतरी विश्वासार्ह पुरावा मात्र हवा. वाहतुकीत काम करणार असाल तर हा निकाल पहिल्या आठवड्यात वाचा. छोटा आहे.

साक्षीदार तयार करणं म्हणजे त्याला पढवणं नव्हे. त्याचा स्वतःचा अहवाल त्याला वाचायला देणं. सहा वर्षांपूर्वी कोणत्या थांब्यावर गाडीत चढलो हे कोणाला आठवणार? आणि त्याची बदली झालेली असेल तर त्याला त्या तारखेला सोडवण्यासाठी दुसऱ्या विभागाच्या साहेबांच्या पाया पडावं लागतं, ही तयारी ठेवा.

सगळ्यात अवघड काम वेगळंच आहे: साहेबांना सांगणं की ही केस आपण हरणार. विधी अधिकारी आपला माणूस, म्हणजे तो लढणारच, अशी समजूत असते. मी आकडेमोड घेऊन जायला लागले. २०१३ च्या दीपाली सुर्वसे निकालापासून बेकायदा काढलेल्या कामगाराला पुन्हा कामावर घेणं, सेवेत सातत्य आणि मागचा पगार हा सर्वसाधारण नियम. आपण दुसरीकडे कमावत नव्हतो असं कामगाराने सांगितलं की तो कमावत होता हे दाखवायचं ओझं मालकावर. विवाद कायद्याखालचा पुनर्नियुक्तीचा निवाडा उच्च न्यायालयात नेला तर १७-बी कलमाखाली, तो बेकार असल्याचं प्रतिज्ञापत्र देत असेल तर, केस चालू असेपर्यंत शेवटचा पगार दरमहा द्यायचा, तोही घरी बसवून. हा हिशेब एका पानावर मांडला की लेखाधिकारी पहिल्यांदा वळतात, साहेब नंतर. तडजोडीची पुरशिस, म्हणजे कोर्टाला द्यायचं लेखी निवेदन, दोन्ही सह्यांनिशी दाखल झाली त्या दिवशी मला जिंकलेल्या केसपेक्षा जास्त बरं वाटलेलं आहे. अर्थात, अपहार स्वच्छ सिद्ध होत असेल तिथे मी तडजोड सुचवत नाही, रक्कम पाच रुपयांची असली तरी. यावर माझे आणि अण्णांचे वाद व्हायचे.

व्हरांड्यात कामगाराची बायको, मुलं दिसतात. वर्षानुवर्षं त्याच तारखांना भेटून ओळख होते. एक वहिनी मला पाणी हवं का विचारायच्या. केस त्यांच्या नवऱ्याच्या बडतर्फीची, मी बडतर्फीच्या बाजूने. यावर माझ्याकडे काही तोडगा नाही. फक्त कोर्टाबाहेर केसबद्दल त्यांच्याशी एक शब्दही बोलू नका; चांगुलपणाने बोललेलं वाक्यसुद्धा पुढे अर्जात लिहून येतं.

वकिलीच्या सनदेचं लवकर ठरवा. पूर्णवेळ पगारी नोकरी धरली की बार कौन्सिलच्या नियमाप्रमाणे सनद स्थगित करावी लागते. तरी संस्थेचा अधिकारी म्हणून तुम्ही औद्योगिक विवादात हजर राहू शकता. पारादीप बंदराच्या निकालाने तो रस्ता मोकळा ठेवलाय. पण न्यायाधीश व्हायचं मनात असेल तर जरा थांबा. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी किमान तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली. आधी ती वर्षं कोर्टात काढा, मग नोकरी धरा. माझ्याबाबतीत हे योगायोगाने झालं. माझ्या मागून आलेल्या एका मुलीने थेट कॉलेजातून नोकरी धरली होती, ती आता राजीनाम्याच्या विचारात आहे.

आणि हो, २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे. तिच्यात एक न्यायिक आणि एक प्रशासकीय अशा दोन सदस्यांचं न्यायाधिकरण आहे, आणि बडतर्फ कामगाराला थेट अर्ज करायची मुदत तीनवरून दोन वर्षांवर आली आहे. म्हणून जुनी पुस्तकं रद्दीत घालू नका. २०१४ च्या फाइलमध्ये २०१४ चीच कलमं लिहिलेली आहेत, आणि ती फाईल अजून तुमच्याच टेबलावर येणार आहे. आली की आधी सी-फाइव्ह उघडा, आणि पुरावा द्यायची परवानगी मागणारा तो शेवटून दुसरा परिच्छेद आहे का ते बघा.