टेकडीवरचा दगड कसा ओळखावा

पुण्यातल्या वेताळ टेकडीवर जाताना मी दोऱ्याला बांधलेलं लोहचुंबक, भिंग आणि लिंबाची फोड सोबत ठेवते. जुन्या खाणीतला काळा कातळ म्हणजे बेसॉल्ट, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हारस. कातळाजवळ चुंबक अलगद लोंबकळू द्या. दोरा किंचित तिरका होतो, कारण दगडात मॅग्नेटाइट या लोहखनिजाचे कण असतात. मग भोकं शोधा. ती वायूच्या बुडबुड्यांची. बुडबुडे वर चढतात, म्हणून थराच्या माथ्याकडे भोकं दाट. एखाद्या सुट्या दगडाच्या भोकात पांढरं काही दिसलं तर टाचणीने जरा खरवडा, लिंबू पिळा, भिंगातून पाहा. बारीक बुडबुडे आले तर कॅल्साइट, म्हणजे चुनखडीतलं खनिज. नाहीतर बहुधा झिओलाइट (अशा भोकांत वाढणारं दुसरं खनिज) किंवा गारगोटी. माझ्या भाचीला पहिला बुडबुडा दिसला, तेव्हा ती अर्धा तास तिथून हललीच नाही. हातोडी मात्र नेऊ नका.