जागतिक पुरुष फ्लोअरबॉल स्पर्धेतील सामना कसा पाहावा

१९६४ च्या सुवर्णपदक विजेत्या ऑलिंपिक संघातील बंडू पाटील यांच्या बेळगावला हॉकी नवी नाही. फ्लोअरबॉल, म्हणजे बंदिस्त सभागृहात स्टिक आणि हलक्या पोकळ चेंडूने खेळला जाणारा हॉकीसारखा खेळ, पाहताना मात्र हॉकीच्या काही सवयी बाजूला ठेवाव्यात.

१९९६ साली स्वीडनमध्ये सुरू झालेली ही स्पर्धा आता साधारणपणे दर दोन वर्षांनी डिसेंबरमध्ये होते. स्वीडनमधील संध्याकाळी सातचा सामना आपल्याकडे रात्री साडेअकराला सुरू होतो, म्हणून खानापूर-निपाणीकडच्या मुलांनी दुपारचे सामने निवडावेत.

प्रथम गोलरक्षकाकडे पाहावे: त्याच्या हाती स्टिक नसते आणि तो गुडघ्यांवर बसून गोल राखतो. मैदान ४० बाय २० मीटरचे असून भोवतीच्या बुटक्या कठड्यावर आपटून चेंडू खेळातच राहतो. २३ ग्रॅमच्या, सव्वीस भोकांच्या त्या चेंडूमागे नजर धावते खरी, परंतु माझ्या मते खरा डाव खेळाडूंच्या अदलाबदलीत असतो. खेळ न थांबवता गोलरक्षकाखेरीज मैदानातले पाचही जण बदलता येत असल्याने, प्रतिस्पर्धी दमलेले असताना ताजे पाय कोण आधी उतरवतो, हे अवश्य टिपावे.

दोन मिनिटांच्या शिक्षेत एक खेळाडू कमी झालेला संघ बचावाची रचना कशी बदलतो, हेही बारकाईने पाहावे.