आधी शेवटच्या वर्षाचे पैसे

आमच्याकडे नव्याने येणारा माणूस हमखास विचारतो, ‘किती मुलांना मदत करता?’ आकडा ऐकला की त्याचा जरा हिरमोड होतो. मग मी विचारते, ‘तुम्ही एका मुलाला किती वर्षं पुराल?’ हा हिशेब बहुतेकांनी केलेला नसतो. बडोद्यात बसून नेपाळमधल्या मुलांच्या शिक्षणाला हातभार लावणारा आमचा छोटा गट आहे. दांडिया बाजार, रावपुरा, कारेलीबाग इथली मराठी मंडळी, त्यात निवृत्तच जास्त. मी स्वतः बँकेतून निवृत्त झाले, त्यामुळे या लेखात पैशांबद्दल जरा जास्त येईल. असं काम सुरू करायचं ज्यांच्या मनात आहे त्यांना तेच सगळ्यात उपयोगी पडेल असं वाटतं.

नेपाळच का, याचं उत्तर आपल्या सोसायटीच्या फाटकाशीच आहे. बडोद्यात रात्रपाळीला बसणारे कितीतरी वॉचमन पश्चिम नेपाळचे. गाव विचारलं की कैलाली, अछाम, डोटी, बाजुरा ही जिल्ह्यांची नावं ऐकू येतात. १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे त्यांना इथे नोकरीसाठी परवाना लागत नाही. म्हणून बाप इथे, बायको-मुलं तिकडे. सगळी सोसायटी त्याला ‘बहादूर’ म्हणते; आमच्या वहीत मात्र पहिल्या रकान्यात नागरिकतेच्या दाखल्यावरचं पूर्ण नाव लागतं.

परदेशातली मुलं म्हटली की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे अनाथाश्रम येतो. त्या वाटेला जाऊ नका. नेपाळमधल्या बालगृहांतल्या बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील हयात असतात, हे युनिसेफने अनेकदा सांगितलंय. देणगीदारांच्या आणि हौशी स्वयंसेवकांच्या पैशावर चालणाऱ्या अशा गृहांसाठी घरातून मुलं आणली गेल्याचीही प्रकरणं झाली आहेत. आमचं सोपं सूत्र म्हणजे ज्या मुलाचा बाप आम्हाला रोज दिसतो, त्याच मुलाची जबाबदारी घ्यायची. बापाची चौकशी करायला संस्था लागत नाही, सोसायटीचा चेअरमन पुरतो.

आता कायदा. उत्साही मंडळी अडखळतात ती इथेच.

गुजरातमध्ये न्यास काढायचा तर १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी करावी लागते. कागद नीट असले की ती होते. खरी अडचण पुढे येते. करसवलत असलेल्या न्यासाने पैसा भारतातल्याच धर्मादाय कामावर खर्च करायचा असतो. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात हे कलम ११ मध्ये होतं. १ एप्रिल १९५२ रोजी किंवा त्यानंतर स्थापन झालेल्या न्यासाला देशाबाहेरच्या खर्चावर सवलत हवी असेल, तर भारताला ज्यात रस आहे असं आंतरराष्ट्रीय कल्याणाचं काम लागायचं आणि वर केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाचा आदेश. १ एप्रिल २०२६ पासून नवा प्राप्तिकर कायदा लागू झाला, कलमांचे क्रमांक बदलले, तेव्हा सीएकडून आजची स्थिती लेखी घ्या. पण दिल्लीहून असा आदेश येईल या भरवशावर पाच-सहा माणसांनी काम उभं करू नये, हे माझं स्पष्ट मत.

म्हणून आम्ही दोन वेगळे खिसे ठेवले. न्यासाचा पैसा फक्त बडोद्यात खर्च होतो. बापाजवळ राहून इथल्या शाळेत जाणाऱ्या नेपाळी मुलांची फी, वह्या, दवाखाना. नेपाळमध्ये राहणाऱ्या मुलाला मात्र दाता स्वतःच्या खात्यातून, स्वतःच्या नावाने पैसे पाठवतो. त्याला करसवलतीची (जुन्या कायद्यातली ८०जीची) पावती मिळत नाही. हे पहिल्या भेटीतच, चहा यायच्या आधी सांगायचं. काही जण चहा पिऊन जातात ते परत येत नाहीत. राहतात ते टिकतात.

परदेशस्थ भावंडांचे फोन येतात, ‘आम्हीही पाठवतो.’ इथे पासपोर्ट विचारायचा. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी माणसाने बँकेमार्फत दिलेली देणगी विदेशी अंशदान धरली जात नाही. पण मावसभावाने ब्रिटिश नागरिकत्व घेतलं असेल, तर ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळतं ते) असूनही त्याचा पौंड एफसीआरएच्या, म्हणजे विदेशी अंशदान नियमन कायद्याच्या, कक्षेत येतो. एफसीआरए नोंदणीसाठी साधारणपणे संस्थेला तीन वर्षं झालेली हवीत, त्या काळात कामावर १५ लाख रुपये खर्च झालेले हवेत, आणि २०२० च्या दुरुस्तीपासून परदेशी पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो. छोट्या गटाने प्रेमाने नाही म्हणावं. भाऊ रागावतो, पण दिवाळीपर्यंत निवळतो.

पैसे पाठवायला इंडो-नेपाळ रेमिटन्स ही रिझर्व्ह बँकेची योजना २००८ पासून आहे. एनईएफटीची सोय असलेल्या शाखेतून आपल्या खात्यातून एका वेळी २ लाखांपर्यंत पाठवता येतात, रोखीने ५० हजारांपर्यंत. वॉचमन मंडळी आपला पगार याच वाटेने घरी पाठवतात, त्यामुळे शाखेत काय विचारतात ते त्यांना तुमच्या सीएपेक्षा चांगलं ठाऊक असतं. पहिल्या वेळी त्यांनाच बरोबर न्या. खातं मुलाच्या आईचं असावं, आणि फॉर्मवरचं नाव तिच्या बँक पासबुकावरच्या स्पेलिंगशी अक्षर न् अक्षर जुळावं. ‘देवी’ची ‘कुमारी’ झाली की पैसे फिरून परत येतात आणि तोवर मुलीची परीक्षेची फी भरायची तारीख उलटते. पासबुकाच्या पहिल्या पानाचा फोटो मागवून तोच समोर ठेवून फॉर्म भरायचा. विनिमय दराची कटकट नाही, १९९३ पासून १०० भारतीय रुपयांचे १६० नेपाळी रुपये हाच दर आहे.

आणखी एक बारीक गोष्ट. निवासी भारतीयाने नात्याबाहेरच्या अनिवासी व्यक्तीला वर्षात ५० हजारांपेक्षा जास्त रक्कम भेट दिली, तर घेणाऱ्याचं ते भारतातलं करपात्र उत्पन्न धरलं जातं. २०१९ पासून तसा नियम आहे. म्हणून एका दात्याकडून एका घरी वर्षाला जाणारी रक्कम आम्ही ५० हजारांच्या बरीच आत ठेवतो. (नेपाळ सोडून दुसऱ्या देशात काम करायचं असेल तर उदारीकृत प्रेषण योजना पाहा. माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे, पण ती व्यक्तींसाठी. न्यासाला ती वापरता येत नाही.)

आता तो वर्षांचा हिशेब. नेपाळच्या २०१५ च्या राज्यघटनेने माध्यमिक स्तरापर्यंतचं शिक्षण मोफत केलं आहे. सरकारी शाळेला तिकडे सामुदायिक विद्यालय म्हणतात. मग पैसे लागतात कशाला? गणवेश, वह्या, परीक्षा, ट्यूशन, आणि सगळ्यात मोठा खर्च म्हणजे खोलीभाडं. डोंगरातल्या गावात आठवीपर्यंतच शाळा असेल तर नववीपासून मुलं बाजाराच्या गावी खोली घेऊन राहतात आणि स्वतः भात शिजवतात. समजा एका मुलीला महिना ३,००० रुपये लागतात. नववी ते बारावी चार वर्षांचे १,४४,००० झाले. पुढे तिने तीन वर्षांचा तांत्रिक डिप्लोमा घेतला (तिकडे सीटीईव्हीटी ही सरकारी परिषद ते अभ्यासक्रम चालवते) तर आणखी १,०८,०००. एका मुलीचे अडीच लाख, सात वर्षांत. ज्या दात्याला वर्षाला एक लाख काढता येतात त्याला तीन मुलं घ्यायचा मोह होतो. आम्ही दोनच देतो आणि उरलेले २८ हजार बाजूला ठेवायला सांगतो.

शिवाय एक अट असते. पहिला हप्ता पाठवण्याआधी शेवटच्या वर्षाचे ३६ हजार मुदत ठेवीत टाकायचे. ठेव दात्याच्याच नावावर, पावतीची प्रत आमच्या फाइलीत, आणि वारसदाराला एक साधं पत्र की ही ठेव कशासाठी आहे. आमचे दाते सत्तरीच्या आसपासचे, मुलं न्यू जर्सीला किंवा पुण्याला. हे पत्र लिहायला लोक टाळतात, अशुभ वाटतं म्हणून. मी त्यांच्या शेजारी बसून लिहून घेते. मधल्या वर्षांची सोय कशीही लागते, कुणी ना कुणी पुढे येतं. अकरावीतल्या मुलाचं शेवटचं वर्ष उचलायला मात्र नवा दाता सहसा तयार होत नाही, त्याला पहिलीतलं गोंडस मूल हवं असतं.

बडोद्याच्या माणसाला याचं उदाहरण शोधायला लांब जायला नको. सयाजीराव महाराजांनी १९१३ मध्ये डॉ. आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली. त्याचा आपल्याला रास्त अभिमान आहे. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली तेव्हा लंडनचा अभ्यास अर्ध्यावर होता. १९१७ मध्ये तो तसाच सोडून, कराराप्रमाणे ते संस्थानच्या नोकरीसाठी इथे आले, आणि या शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही. १९२० मध्ये स्वतःची शिल्लक, मित्राचं कर्ज आणि शाहू महाराजांची मदत जमवून ते पुन्हा लंडनला गेले. सयाजीबागेतल्या संकल्पभूमीवर, म्हणजे १९१७ मध्ये निवारा न मिळाल्यावर ते जिथे बसले होते त्या जागी, लोक जातात ते त्या दिवसाची आठवण ठेवून. मला हिशेबनीस म्हणून तिथे शिष्यवृत्तीची मुदतही आठवते. त्यांच्याइतकी जिद्द आपण प्रत्येक पंधरा वर्षांच्या पोराकडून मागू शकत नाही.

मुदत कुठे तुटते हे आता आम्हाला पक्कं कळलंय. दहावीला तिकडे एसईई परीक्षा असते. ती झाल्यावर निकाल लागून अकरावीचा प्रवेश होईपर्यंत काही महिने जातात. या मोकळ्या काळात मुलगा बापाला भेटायला म्हणून बडोद्याला येतो. कुणीतरी म्हणतं, बसलाच आहेस तर गाड्या धू. मग कुठल्या तरी हॉटेलात भांडी, मग दुसऱ्या सोसायटीची रात्रपाळी. हातात पगार पडला की अकरावी गेली. नेमक्या याच महिन्यांत दाता म्हणतो, ‘शाळा बंद आहे ना, मग हप्ता थांबवू या.’ थांबवू नका. उलट तेव्हा थोडे जास्त द्या, संगणकाचा वर्ग, ट्यूशन, काहीही लावा. निकालात एखाद्या विषयापुढे ‘एनजी’ दिसलं तर घाबरू नका. लेखी परीक्षेत ३५ टक्क्यांच्या खाली राहिलं की श्रेणी मिळत नाही, पण पुन्हा परीक्षा देण्याची सोय असते. ती तारीख वहीत लाल शाईने.

मुलींच्या खोलीचा प्रश्न वेगळा. पश्चिम नेपाळमध्ये पाळीच्या दिवसांत बाईला घराबाहेरच्या खोपटात ठेवायची छाउपडी प्रथा आहे. २०१८ पासून तसं करायला लावणं हा फौजदारी गुन्हा आहे, तरी प्रथा पुरती गेलेली नाही. म्हणून मुलीसाठी खोली बघताना घरमालकीण या बाबतीत काय पाळते ते आईला आधी विचारायला सांगतो. हे बोलायला आमच्या गटातल्या वहिनीच लागतात. पुरुषांनी फोन केला की पलीकडे सगळं ‘ठीक छ’.

कालगणनेने डोकं फिरतं. नेपाळी वर्ष विक्रम संवताचं, बदलतं वैशाखात, म्हणजे एप्रिलच्या मध्याला. शाळाही तेव्हाच सुरू होते. आपल्या गुजरातमध्येही विक्रम संवत, पण तो दिवाळीनंतर बदलतो. त्यामुळे निम्मं वर्ष दोन्हींत एकाचा फरक असतो, आणि जन्मतारखा उतरवून घेताना कॅलेंडर बघून शांतपणे करावं लागतं. खोलीचं भाडं आणि नवा गणवेश एप्रिलमध्ये लागतो. दात्यांना दानाची आठवण दिवाळीला होते. वर्षाच्या सुरुवातीचा हप्ता दिवाळीतच वेगळा काढून ठेवायचा.

फोटोंबद्दल थोडक्यात. मुलाचा चेहरा, शाळा आणि गाव एकत्र कुठेही टाकत नाही. दात्याला गुणपत्रिका मिळते, मूल त्याला ‘थँक यू अंकल’ म्हणणारा व्हिडिओ करून पाठवत नाही. दात्याने परस्पर मुलाला फोन करायचा नाही, भेटायचं असेल तर आई किंवा बाप आणि गटातला एक जण हजर हवा. यावर कुणी रुसलं तर त्यांचा राग मी ऐकून घेते, नियम सोडत नाही.

तिकडच्या एखाद्या संस्थेमार्फत काम करू म्हणाल तर तिची जिल्हा प्रशासन कार्यालयातली नोंदणी पाहा. परदेशी संस्थेकडून पैसा घ्यायला तिला समाज कल्याण परिषदेची मंजुरी लागते. १९९२ च्या कायद्याने ही परिषद आहे. कागद मागितल्यावर जी संस्था दुखावते तिच्यापासून दूर राहा. आम्ही शाळेचा शिक्का असलेली गुणपत्रिका आणि वडा (म्हणजे वॉर्ड) कार्यालयाचं शिफारसपत्र यांवर भागवतो.

तुम्हाला करून बघायचं असेल तर आपल्या सोसायटीच्या केबिनपासून सुरू करा, आणि न्यास-बिस काढायच्या आधी एकाच मुलाचं एक शैक्षणिक वर्ष पार पाडा. बडोद्यात असाल तर आमच्यातच या. दाते आहेत, सध्या फोन करणारं माणूस कमी आहे. नेपाळमध्ये शनिवारी सुट्टी असते, त्यामुळे फोन शनिवारी सकाळी. हिंदी चालते, नेपाळी हळूहळू कानावर बसते. प्रत्येक घरी तीन प्रश्न विचारायचे: या महिन्यात किती दिवस शाळेत गेली, खोलीवर कोणाबरोबर राहते, पुढची फी कधी. उत्तरं वहीत लिहायची, आणि ‘सगळं बरं आहे’ हे उत्तर धरायचं नाही.