चिनीमातीवर रंगवलेली जुनी धार्मिक चित्रे घेताना

बेळगावच्या कॅम्पात किंवा खानापूरकडे एखाद्या जुन्या घराचे सामान विक्रीला निघाले आणि त्यात चिनीमातीच्या फलकावर रंगवलेली, बाळ येशूला घेतलेली मरिया माता दिसली, तर प्रथम फलक चौकटीतून काढून त्याची पाठ पाहू द्यावी, अशी विनंती करावी. विक्रेता नकार देत असेल, तर व्यवहार तिथेच सोडावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

अशा फलकांत मोठा मान आहे तो बर्लिनच्या शाही चिनीमाती कारखान्याचा, म्हणजे केपीएमचा (KPM). प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक याने तो १७६३ साली आपल्या ताब्यात घेतला. या कारखान्याच्या फलकाच्या पाठीवर राजदंडाची खूण आणि ही तीन अक्षरे दाबून उमटवलेली असतात, त्यामुळे बोट फिरवले की खळगा लागतो. मात्र हा कारखाना कोरे फलकही विकत असे आणि ड्रेस्डेनसारख्या शहरांतील स्वतंत्र चित्रकार ते रंगवत. म्हणून खूण खरी निघाली तरी चित्र कोणाच्या हातचे हे ठरत नाही. पैसे मोजायचे ते कुंचल्याच्या कामाचे.

विषय बहुधा गाजलेल्या चित्रांचेच असतात: इटालियन चित्रकार राफाएलची सिस्टीन मॅडोना (मॅडोना म्हणजे मरिया माता), नाहीतर फ्लॉरेन्समधील खुर्चीत बसलेली मॅडोना. कल्पना उसनीच असल्याने परीक्षा कारागिरीची करावी. सराफ वापरतात तसे दहापट भिंग घेऊन गालावरची छटा पाहावी. हातकामातही बारीक ठिपके दिसतात, पण ते लहानमोठे आणि एकमेकांत मिसळलेले असतात. छापील चित्रात ते सारख्या अंतराने रांगेत बसतात. छापावर केस आणि वस्त्राची किनार तेवढी हाताने रंगवून फसवणूक होते, तेव्हा त्वचेचा भाग अवश्य तपासावा.

झिलईवरचे रंग भट्टीत भाजून पक्के केलेले असतात. नंतरच्या डागडुजीचा रंग मात्र न भाजता भरलेला असल्याने अतिनील दिव्याखाली बहुधा वेगळा चमकतो. कडेचा टवका उडाला असेल तर आतली माती पाहावी: खानापूरची मडकी लाल आणि पाणी शोषणारी, तर पोर्सेलिन, म्हणजे फलकाची चिनीमाती, आतपर्यंत पांढरे आणि घट्ट असते.

आपल्याकडच्या पावसाळ्याचा त्रास पोर्सेलिनपेक्षा चौकटीला अधिक होतो. ओल धरणाऱ्या जांभ्याच्या भिंतीवर फलक टांगू नये, चौकटीत तो ठोकून आवळू नये, आणि सोनेरी मुलामा दिलेल्या लाकडाला ओला कपडा लावू नये.