गावच्या टाकीत फ्लोराइड घालू का?

खानापूरकडच्या आया पोराचा किडका दात दाखवता दाखवता मला विचारतात, "डॉक्टर, टाकीतच फ्लोराइड घातलं तर?" फ्लोराइड म्हणजे दात किडण्यापासून वाचवणारा क्षार. अमेरिकेत ग्रँड रॅपिड्स शहरानं १९४५ साली ते पाण्यात घालायला सुरू केलं. आता तिथं लिटरला ०.७ मिलिग्रॅम सुचवतात, पण मोजणारी यंत्रणा हाताशी असते. वॉटरमननं अंदाजानं पूड ओतायचं कुणी मनातही आणू नका.

आधी पाणी तपासा. बेळगावात येणारं राकसकोप जलाशयाचं पाणी वेगळं, तुमच्या बोअरचं वेगळं. शेजारच्या बोअरशीसुद्धा आकडा जुळेलच असं नाही. बाटली प्लास्टिकचीच घ्या. मोटर थोडा वेळ चालू द्या, त्याच पाण्यानं बाटली विसळून भरा आणि पंचायतीत विचारून पाणी तपासणीच्या सरकारी प्रयोगशाळेत द्या. भारतीय मानकात लिटरला १ मिलिग्रॅम फ्लोराइडपर्यंत ठीक, दुसरी सोयच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात. त्यापुढं गेलं तर पोरांच्या दातांवर डाग पडतात, पुढं हाडंही धरतात. उकळू नका, पाणी आटून प्रमाण उलट वाढतं. आरओ लावा, नाहीतर पिण्यापुरतं पावसाचं पाणी साठवा.

आकडा कमी आला तर टूथपेस्ट पुरते. ट्यूबवर फ्लोराइड १००० पीपीएम (दहा लाख भागांत हजार भाग) लिहिलंय का बघा. तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, सहापर्यंत वाटाण्याएवढी. थुंकायला लावा, मागून खळखळून चूळ नको. आणि आज्जींची मिश्री पोरांच्या हाती लागू देऊ नका, तो तंबाखूच.